रस्त्याचं गाव की विमानाचं? कॅनडाच्या उत्तरेत पहिल्यांदा स्वयंसेवक म्हणून जाताना

बहुतेक जण आधी संस्था निवडतात, मग काम, आणि गाव नकाशावर सगळ्यात शेवटी शोधतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी गावापर्यंत रस्ता जातो का ते बघा. खाणं, पाणी, औषधं, अगदी परतीची तारीखसुद्धा त्यावरच ठरते.

रस्त्याची गावं म्हणजे युकॉनमधलं व्हाइटहॉर्स किंवा नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधलं यलोनाइफ. विमानाची गावं म्हणजे अख्खं नुनावुत. १९९९ साली वेगळ्या झालेल्या या प्रदेशात २५ वस्त्या आहेत, आणि एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधलं इनुविक हे गाव या दोन्हींच्या मधलं म्हणायचं. डेम्पस्टर हायवे तिथवर जातो, पण वाटेत दोन नद्या आहेत. उन्हाळ्यात त्या फेरीबोटीने ओलांडायच्या, हिवाळ्यात बर्फावरून. नदी गोठताना आणि तिच्यावरचा बर्फ फुटताना मात्र दोन्ही बंद.

फरक सगळ्यात आधी घरात जाणवतो. व्हाइटहॉर्समध्ये नळ सोडला की पाणी येतं. नुनावुतच्या बऱ्याच वस्त्यांत जमीन खोलवर कायमची गोठलेली असल्याने पाइपलाइन नसते. पाणी टँकरने येतं आणि सांडपाणी दुसरा टँकर उपसून नेतो. सांडपाण्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद पडतो, मग स्वच्छ पाण्याची टाकी भरलेली असली तरी उपयोग नाही. चार नवखे पाहुणे, लांबलचक अंघोळी आणि वर हिमवादळ, म्हणजे टँकर बंद: घर कोरडं पडतं ते असं. पोहोचल्या दिवशीच टँकरचे वार विचारून घ्या.

किराण्याचंही तसंच. रस्त्याच्या गावात ट्रक येतो. नुनावुतमध्ये ताजा माल विमानाने येतो, जड सामान बर्फ वितळल्यावरच्या मोजक्या महिन्यांत जहाजाने. सरकारी सबसिडी आहे (सध्याची योजना २०११ पासूनची), तरीही भाव कॅनडाच्या दक्षिणेपेक्षा बरेच चढे. लहान वस्तीत डॉक्टर राहत नाही, नर्सिंग स्टेशन असतं. गंभीर रुग्णाला विमानानेच हलवतात, आणि हवा बिघडली की तेही थांबतं. नियमित औषध चालू असेल तर मुक्कामापेक्षा दोन आठवड्यांचा साठा जास्त न्या, आणि तो हातातल्या बॅगेत ठेवा. दारूचे नियम वस्तीगणिक वेगळे. काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे, तिथे सामानात बाटली सापडली तर तो गुन्हा.

खरी गफलत होते ती कामात. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही अशा वस्तीत मुलं रात्री उशिरापर्यंत बाहेर असतात. सकाळी नऊचं शिबिर ठेवलं तर खोलीत तुम्ही एकटेच. दुपारनंतर सुरू करा. मासे, हंस किंवा कॅरिबू (तिथलं रेनडियर) शिकारीला आले की कुटुंबंच्या कुटुंबं रानात जातात, म्हणून पाच दिवसांचा सलग प्रकल्प आखू नका. त्याच दिवशी पूर्ण होईल असाच उपक्रम घ्या. गावात कोणी वारलं तर सगळे कार्यक्रम थांबतात. चौकशी न करता तुमचाही थांबवा. इनुइट, म्हणजे तिथल्या मूळनिवासींची, मुलं पुष्कळदा भुवया उंचावून ‘हो’ आणि नाक आक्रसून ‘नाही’ म्हणतात. नवख्याला वाटतं, पोर बोलतच नाही. आणि बांधलेल्या कुत्र्यांना हात लावायला जाऊ नका. कोल्ह्यांमुळे तिथे रेबीजचा धोका असतो.

युकॉनमध्ये वेगळं भान लागतं. तिथल्या १४ फर्स्ट नेशन्सपैकी, म्हणजे मूळनिवासी समाजांपैकी, ११ समाजांची स्वतःची सरकारं आहेत. काम त्यांच्या हद्दीत किंवा त्यांच्या मुलांसोबत असेल तर होकार त्यांच्याकडून आलेला हवा, नुसता संस्थेकडून नाही.

कागदपत्रं दोन्हीकडे सारखी. मुलांसोबत काम असेल तर पोलिसांकडून ‘व्हल्नरेबल सेक्टर चेक’, म्हणजे पूर्वीच्या गुन्ह्यांची खास तपासणी, लागतो. तुमची जन्मतारीख आणि लिंग गुन्हेगारांच्या नोंदीतल्या कुणाशी जुळलं तर बोटांचे ठसे मागतात, आणि मग आठवडे जातात. दोन महिने आधी अर्ज करा. स्टडी परमिटवर, म्हणजे शिक्षणाच्या परवान्यावर, असाल तर बिनपगारी कामाला परवाना लागत नाही असं गृहीत धरू नका. सरकारी मदतीवर चालणाऱ्या स्वयंसेवेच्या काही योजना तर मुळात नागरिक, पर्मनंट रेसिडेंट आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांसाठीच असतात.

आमचा कौल सरळ आहे. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर रस्त्याचं गाव घ्या. नुनावुतमध्ये घरांची टंचाई भीषण आहे. सहा आठवड्यांच्या पाहुण्याने अडवलेली खोली गावाला महाग पडते, आणि तेवढ्यात मुलं तुमचं नाव लक्षात ठेवायला लागलेली असतात इतकंच. सहा महिने किंवा जास्त राहणार असाल तर विमानाच्या गावाचा विचार जरूर करा. मात्र तिकीट काढण्याआधी संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: खोली नेमकी कुठली, वादळात विमान रद्द झालं तर जादा दिवसांचा खर्च कोणाचा, आणि गावातला कोणता माणूस तुमच्या कामाला जबाबदार. तिसऱ्याचं उत्तर दक्षिणेतल्या ऑफिसचं नाव असेल तर दुसरी संस्था बघा.