संताचं नाव की भुताचं?

एखाद्या जागेला कुणाचं नाव शोभतं, हा प्रश्न आहे. नाशिकमध्ये दोन्ही प्रकारची नावं रोज तोंडात येतात. गोदावरीवर गाडगे महाराज पूल आहे. मला हे नाव फार योग्य वाटतं. हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडणाऱ्या माणसाचं नाव नदीकाठी असावं, हेच बरोबर. पुराच्या दुसऱ्या दिवशी तिथे बायका घाटावरचा गाळ खरवडत होत्या, तेव्हा ते नाव जिवंत वाटलं.

अमरावती विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. पण संस्थेला दिलेलं नाव ठराव करून येतं, पाटीवर बसतं.

मुंजा या भुताचं तसं नाही. पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेला दगड, वर जुना दोरा गुंडाळलेला. ‘मुंजापाशी थांबव’ म्हटलं की रिक्षावाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. हे नाव लोकांनीच ठेवलंय. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या पोराची हळहळ त्यात आहे.

सिनेमात ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत पोचला. ‘झपाटलेला’ (१९९३) घराघरांत.

माझं मत? संस्थेला संत, वाटेला मुंजा. शिवाय आपल्या शहराचं नावच, आख्यायिकेप्रमाणे, शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून आलंय. ती भूत नव्हे, राक्षसी. पण नाव टिकलं ते तिचंच.