ॲसिडच्या टाकीसाठी स्क्रबर घेताना मी कसा फसलो

भांडुपला आमचं पिकलिंगचं, म्हणजे धातूवरचा गंज ॲसिडने काढायचं, छोटं युनिट आहे. 6,000 लिटरची एचडीपीई प्लॅस्टिकची टाकी, त्यात 32 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड. टँकर लागला की टाकीच्या व्हेंटमधून (हवा बाहेर पडायच्या नळीतून) पांढरा धूर निघायचा, आणि भिंतीपलीकडे चाळ. लोकांचे हाल बघवत नव्हते, म्हणून स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुऊन काढणारा टॉवर, घ्यायचं ठरवलं.

पार्टी ओळखीतून आलेली. त्याने टाकीची कपॅसिटी विचारली, बाकी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी कोटेशन हातात: 500 सीएफएमचा (मिनिटाला 500 घनफूट हवा ओढणारा) ब्लोअर, 10 इंची टॉवर, आत 4 फूट पॅकिंग (ज्यावर पाणी पसरून धूर धुतला जातो तो भराव), 3 लाख 80 हजार अधिक जीएसटी. "शेठ, ब्लोअर मोठा घ्या, वासाचं नाव राहणार नाही." मी 70 टक्के ॲडव्हान्स दिला.

पहिल्याच टँकरला टाकीचं झाकण आत ओढलं गेलं. चिमणीतून ॲसिडच्या पाण्याचे थेंब उडाले, चाळीच्या दोरीवरच्या कपड्यांवर पडले. एक आजी भोकं पडलेली साडी घेऊन गेटवर आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

मग ओळखीच्या एका निवृत्त केमिकल इंजिनिअरकाकांना बोलावलं. त्यांचा पहिलाच प्रश्न: "टँकर रिकामा कसा करता?" आमच्याकडे कॉम्प्रेसरच्या हवेने ॲसिड दाबतात. अर्ध्या तासात टाकी भरते, म्हणजे तासाला 12 घनमीटर हवा बाहेर पडते, जेमतेम 7 सीएफएम. पण ॲसिड संपलं की टँकरमधली दाबलेली हवा पाइपातून एकदम सुटते, खरा धूर तेव्हा. धुराचं माप टाकीच्या आकारावरून निघतच नाही. टाकी किती वेगाने भरते आणि शेवटी किती हवा सुटते, ते बघावं लागतं.

500 सीएफएम म्हणजे तासाला 850 घनमीटर. 10 इंची टॉवरमधून एवढी हवा गेली की वेग सेकंदाला पावणेपाच मीटरच्या आसपास जातो. अशा टॉवरात तो साधारण एक-दीड मीटर हवा. त्यापुढे पाणी खाली पडायच्या ऐवजी हवेबरोबर वर उडतं. काका म्हणाले, हा टॉवर 100 सीएफएमचाच आहे. वर मोठा ब्लोअर बसवून 500 चा म्हणून खपवलाय.

टॉवर उघडला. पॅकिंग दीड फूट. बिल 4 फुटांचं.

म्हणून सांगतो, पैसे द्यायच्या आधी टॉवर उघडून घ्या, आत टेप टाका. टॉवरचा व्यास आणि सीएफएम यांवरून वेग लिहून मागा. टाकीवर व्हॅक्युम रिलीफ (आत हवा कमी पडली की बाहेरची हवा आत घेणारा वॉल्व्ह) आहे का ते विचारा, आमच्याकडे नव्हता.

आता छोटा ब्लोअर बसवला, पॅकिंग पूर्ण भरलं, शेवटी हवा सोडताना वॉल्व्ह हळूहळू उघडतो. आजींना साडी दिली. उरलेले 30 टक्के दिले नाहीत, वकिलाची नोटीस पाठवली. त्याचं उत्तर आलंय: टँकर कसा रिकामा होतो हे ग्राहकाने कळवलं नव्हतं.