तलावांच्या मुलखात स्टीलची टूरिंग सायकल: रोवण्यापासून मोहफुलांपर्यंत वापरल्यावर

सायकल घेताना दुकानदाराने सगळ्यात जास्त वेळ गिअर समजावण्यात घालवला. भंडारा-गोंदियात सायकल चालवायची असेल तर गिअर सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघायचं ते टायर आणि मडगार्ड यांच्यामधलं अंतर. तिथे करंगळी सहज शिरत नसेल तर सायकल कितीही देखणी असो, जुलैत ती इथे खांद्यावर घेऊन चालावं लागेल.

माझी सायकल क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलच्या फ्रेमची आहे. ७०० × ३८ चे टायर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, मागे कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दोन पॅनिअर बॅगा. नोकरी साकोलीला असल्यामुळे रोवणे, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना घेतली आणि आता मोहफुलं वेचून झाली, तेंदूपत्त्याची गडबड सुरू आहे. म्हणजे पाऊस, थंडी आणि बराचसा उन्हाळा तिने पाहिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचं आहे ते या जातीच्या कुठल्याही सायकलला लागू पडेल.

आधी मुलूख समजून घ्या, मग सायकल कळेल. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव साडेसहा हजारांच्या वर आहेत. सरकारी कागदांपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी त्यातले बरेच बांधले. जमिनीचा उतार इतका बारीक की मोटारीत बसून तो जाणवतही नाही. त्या उतारावर मातीची पाळ आडवी घालायची आणि वरचं पाणी अडवायचं. तलाव भरला की सांडव्यातून निघालेलं पाणी धानाच्या बांध्यांतून, म्हणजे बांध घातलेल्या शेतांतून, उतरत खालच्या बोडीत (लहान तळ्यात) किंवा पुढच्या तलावात जातं. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५० च्या कायद्याने संपली, तलाव सरकारकडे आले. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे आज जिल्हा परिषदेकडे आहेत आणि मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्था करतात.

सायकलवाल्यासाठी याचा अर्थ असा की चढ जवळजवळ नाहीत, पण ओल कायम आहे. गावाकडचा रस्ता बहुतेक वेळा पाळीच्या खालून जातो आणि पाळीतून पाणी झिरपत राहतं. वरची डांबरी सडक कोरडी ठणठणीत असताना जानेवारीतसुद्धा अशा जागी पन्नास पावलांचा चिखल लागतो. पुढची सगळ्यात लहान चकती मी नागझिऱ्याच्या बाजूच्या टेकड्या सोडल्या तर वापरलीच नाही. तीन चकत्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पावसाळ्यातला खरा शत्रू मात्र डांबरावर भेटतो. चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी केजव्हील (चिखलात चालणारी पिंजऱ्यासारखी चाकं) न काढताच एका बांधीतून दुसऱ्या बांधीकडे सडकेवरून जातात आणि डांबरावर आडव्या चरांची रांग उठवतात. अशा रस्त्यावर अ‍ॅल्युमिनियमची ताठ सायकल मनगटं सोलून काढते. मित्राची तशी आहे, आम्ही अदलाबदल करून पाहिली. स्टीलच्या फ्रेमचा फरक मला तिथे कळला, आणि टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की आणखी कळतो. पांदणीत शिरलात तर जमिनीची जात ओळखायला शिका. बरड मुरमाड असते, तिच्यावरून पावसातही सायकल निघते. मोरंड किंवा कन्हार ही चिकण जमीन भिजली की चाकाला अशी बसते की चार फेऱ्यांत चाक अडकतं. माझ्या मडगार्डला जागा भरपूर आहे, तरी मोरंडीत काडी हातात ठेवावी लागली. पुढच्या मडगार्डचं प्लास्टिक हलकं निघालं. साकोलीतल्या वेल्डिंगवाल्याने त्याला पत्र्याची पट्टी मारून दिली, तेव्हापासून आवाजही नाही.

आता पंक्चर. याच्यावर कुणी नीट लिहीत नाही म्हणून जरा लांबण लावतो. इथल्या गावागावांत सायकलचं दुकान आहे, पण त्याच्याकडे माल असतो तो काळ्या दुधवाल्या सायकलींचा, म्हणजे २८ × १½ चा. आपल्या ७०० च्या टायरवरही कुठेतरी २८ छापलेलं असतं, त्यामुळे वाटतं चालेल. टायर चालत नाही. रिमवर टायर जिथे बसतो तिथला काळ्या सायकलच्या टायरचा व्यास ६३५ मिलिमीटर, आपला ६२२. तेरा मिलिमीटरचा ढिला टायर रिमवर थांबत नाही. ट्यूब मात्र चालते, रबर ते ताणून घेतं. वॉल्व्हचं भोक मोटारसायकलच्या वॉल्व्हइतकं मोठं असेल तर काळ्या सायकलचा वॉल्व्हही त्यात बसतो. म्हणून मोठ्या भोकाची रिम मागून घ्या. बारीक फ्रेंच वॉल्व्हची ट्यूब आणली तर अर्जुनी मोरगावला कॉम्प्रेसर समोर असून हवा भरता येत नाही, पंप आपलाच काढावा लागतो. जास्तीचा एक टायर घडी घालून पॅनिअरच्या तळाशी ठेवतो. तो अजून उघडला नाही, तरी ठेवतो. बाभळीचे काटे पाळीवर जास्त, सडकेवर कमी.

सगळ्यात सुंदर फेरी नवेगावबांधची, यात वाद नाही. साकोलीहून महामार्ग ५३ चा तुकडा काढावाच लागतो. तो ट्रकांचा रस्ता आहे, पहाटे उरका. तो सोडून दक्षिणेला वळलं की बांध्या, बोड्या आणि मधे मधे जंगल. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधवला, आणि पुढे लोकांनी त्यांनाच कोलासूर म्हणून देव केलं. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरचं देऊळ कुठे झालेलं मी तरी ऐकलं नाही. पुढे अर्जुनी मोरगाव, तिथून गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि गोठणगावची बाजू. या बाजूला प्रतापगडच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. धानाच्या शेतांमागे रंगीत प्रार्थनापताका दिसल्या की आपण चुकून भलतीकडे आलो असं वाटतं. आणि हो, सडक अर्जुनी वेगळी, अर्जुनी मोरगाव वेगळी. कुणाला रस्ता विचाराल तर पूर्ण नाव सांगा. वाघांच्या राखीव जंगलात मी सायकल नेलेली नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, त्याच्या बाहेरच्या रस्त्यांचा हा अनुभव आहे.

पॅनिअर बॅगांचं कौतुक कमी. त्यांच्या पाठीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं आहे आणि श्रावणातल्या सरींनी ते खोटं ठरवलं. शिवणीतून पाणी शिरतं. आता खताच्या गोणीच्या आत असते तसली जाड प्लास्टिकची पिशवी आत घालतो, काम भागतं. हूक केजव्हीलच्या चरांवरून खडखडायचे, तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ब्रेक चांगले, पण पॅड पावसाळ्यातच झिजून गेले आणि बदलीचे भंडाऱ्यालाही न मिळाल्यामुळे नागपूरहून मागवावे लागले. दोन जोड आधीच घेऊन ठेवा. सीट ठीक.

दिवाळीनंतर सायकलला आणि आपल्याला दोघांनाही सुगीचे दिवस. कापणी झालेली असते, अर्ध्या सडकेवर धान वाळत घातलेलं असतं. त्यावरून सायकल नेऊ नका. पायाने धान पसरणाऱ्या म्हाताऱ्या बाईने काही बोलायच्या आधीच उतरा. भुसा चेनमध्ये जातो, त्यामुळे या दिवसांत चेनला तेल थोडंच लावून फडक्याने पुसून घ्यायचं. जाड तेल लावलं की भुश्याचा लगदा होतो. रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे मिळतात. ढिवरांनी तलावात लावलेले असतात, डोंग्यातून काढतात. आलूबोंडा आणि शिंगाडे एवढ्यावर दुपार निघते. पाण्यावर अडई, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या असतात. थंडीत उत्तरेकडची बदकंही येतात. सारस हवा असेल तर गोंदियाकडच्या धानपट्ट्यात जावं लागतं. महाराष्ट्रात तो मुख्यतः तिथेच उरला आहे, आणि घरटं पावसाळ्यात धानाच्या शेतातच करतो. दिसला तर सडकेवरूनच बघा, बांधीवर चढू नका. सायकलचा फायदा इथे मोटारीपेक्षा मोठा आहे. इंजिन बंद करण्याचा प्रश्नच नसल्यामुळे थांबल्याचं पक्ष्याला कळत नाही.

दिव्यांवर पैसे वाचवू नका. हिवाळा म्हणजे झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या, नाटकांचा हंगाम. कुठल्या तरी गावात शंकरपट (बैलांची शर्यत) असतो आणि रात्री तिथेच मंडपात नाटक. बघायला थांबलात तर पहाटे परत निघण्याऐवजी तिथेच झोपा. तलावाकाठी पहाटेचं धुकं इतकं दाट असतं की समोरचा बैलबंडीवाला दहा हातांवर आल्यावर दिसतो. दुसरं कारण जनावरांचं. बिबट्या आणि अस्वल नेहमीचेच, पण २०२२ मध्ये छत्तीसगड-गडचिरोलीकडून आलेला रानहत्तींचा कळप अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरला होता. तेव्हापासून जंगलाकडेच्या गावांत संध्याकाळी निघणाऱ्याला हटकतात. हटकलं तर ऐका. मुक्कामाची सोय लोक करतात, शाळेच्या व्हरांड्यापासून घरच्या ओसरीपर्यंत.

मार्चनंतर मजा उतरत जाते. छोट्या बोड्या आटतात, मोठ्या तलावांत मध्यभागी पाणी आणि काठाला बेशरम या तणाचं रान उरतं. काही गावांनी हे बेशरम मुळासकट उपटून तळाशी देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. तिथे पक्षी आणि मासे दोन्ही वाढल्याचं ढिवर मंडळी सांगतात, आणि अशा तलावाचा काठ सायकलवरूनही ओळखू येतो. ऊन मात्र पंचेचाळीसच्या घरात जातं, त्यामुळे पहाटे निघून नऊच्या आत घर गाठायचं. मोहाच्या झाडाखालून जाताना वेग कमी ठेवा, वेचणारी माणसं वाकलेली असतात.

कुणी घ्यावी? ज्याला एका दिवसात शंभराच्या वर किलोमीटर मोजायचे आहेत त्याने हलकी घ्यावी आणि महामार्गावरून जावं, ही सायकल वजनाने त्याला वैताग देईल. ज्याला प्रत्येक पाळीवर चढून बघायचं आहे त्याच्यासाठी ही बरोबर. पण ३८ ऐवजी ४२ चे टायर मावतील अशी फ्रेम निवडा. माझ्या मागच्या टायरच्या मधल्या नक्ष्या आता गुळगुळीत झाल्या आहेत. जून लागायच्या आत तळाशी ठेवलेला तो घडीचा टायर मागे चढवतो आहे आणि मागचा जुना सुटा म्हणून बॅगेत टाकतो आहे.