मातीचे मावळे, कंपासपेटीतली पट्टी आणि ‘एज ऑफ फँटसी’चे नियम

सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून, अंतरे मोजत आणि फासे टाकत लढाई खेळण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना भिडू बहुधा घरातच शोधावे लागतात, आणि जाडजूड नियमपुस्तक समोर ठेवले की हे भिडू पहिल्याच संध्याकाळी उठून जातात. ‘वन पेज रूल्स’ या प्रकाशकांचा ‘एज ऑफ फँटसी’ हा नियमसंच मी गेल्या दोन दिवाळ्यांच्या सुट्टीत बारा वर्षांची भाची, नऊ वर्षांचा भाचा, ताई आणि आई यांच्याबरोबर खेळलो. घरच्यांसाठी त्यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, हे या अनुभवावरून लिहितो आहे.

मूळ नियम मोफत उतरवून घेता येतात, ते मोजक्या पानांत मावतात आणि कोणाच्याही प्रतिकृती त्यात चालतात. ही शेवटची सवलत आपल्याकडे फार मोलाची आहे, कारण परदेशी प्रतिकृती मागवून, जोडून आणि रंगवून होईपर्यंत मुलांचा उत्साह ओसरलेला असतो. आम्ही कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे घेतले आणि त्याच संध्याकाळी अंगणातल्या किल्ल्यापुढे खेळायला बसलो. आईने एकच अट घातली, की महाराजांची मूर्ती सिंहासनावरच राहील आणि लढाईत घेतली जाणार नाही. ती अट आमच्या नियमांच्या कागदावर सर्वांत वर लिहिलेली आहे.

या नियमांची खरी ताकद अशी की प्रत्येक तुकडीचे दोनच मुख्य आकडे लक्षात ठेवावे लागतात. एक कौशल्याचा आणि दुसरा बचावाचा. हल्ला करणारा ठरलेले फासे टाकतो. ज्या फाशावर कौशल्याच्या आकड्याइतके किंवा जास्त पडले, त्याचा एक घाव लागतो. मग जितके घाव लागले तितके फासे समोरचा टाकतो आणि बचावाचा आकडा गाठून आपले सैनिक वाचवतो. कौशल्य ४ आणि बचाव ५ असेल, तर पाच फाशांत सरासरी अडीच घाव लागतात आणि त्यांतून दीडाहून थोडे अधिक सैनिक पडतात. तुकडी दगडांच्या आडोशाला असेल तर बचावाच्या फाशात एक मिळवला जातो, आणि तेवढ्यानेच पडणाऱ्यांची संख्या सरासरी पाव हिश्शाने घटते. हा हिशेब मी भाचीला सांगितला नव्हता. तिसऱ्या डावात तिची प्रत्येक तुकडी दगडाआड दिसू लागली, तेव्हा तो तिला खेळातूनच कळल्याचे माझ्या लक्षात आले.

पहिल्या दिवाळीत वेळ वाचवण्यासाठी मी बचावाचे फासे काढून टाकले होते आणि एकाच फेकीत निकाल लावत होतो. डाव लवकर संपू लागले, पण ज्याच्यावर हल्ला होई तो भिडू नुसता बघत बसे, आणि भाचा तर उठून फराळाच्या डब्याकडे जाई. बचावाची फेक परत आणल्यावर तो आपल्या मावळ्यांसाठी मुठीत फासे घोळवू लागला. नियम सोपा करताना लक्षात ठेवण्याचे ओझे काढावे. भिडूच्या हातातले काम काढू नये. हे मला तेव्हा समजले.

धैर्याच्या कसोटीबाबतही माझी हीच चूक झाली. तुकडी अर्ध्यावर आली की तिने कौशल्याच्या आकड्यावर कसोटी द्यायची, नापास झाल्यास ती गांगरते आणि पुढची पाळी सावरण्यात घालवते. हातघाईत हरून अर्ध्यावर आलेली तुकडी नापास झाली तर मैदानच सोडते. नवख्यांना हे अवघड जाईल म्हणून मी ते गाळले आणि प्रत्येक लढाई शेवटचा मावळा पडेपर्यंत रेंगाळू लागली. आता हा नियम मी कधीच गाळत नाही.

पुढच्या गोष्टी मात्र निःशंकपणे गाळाव्यात. सैन्याच्या याद्यांत तुकड्यांना बरेच विशेष गुण दिलेले असतात. आम्ही प्रत्येक तुकडीला जास्तीत जास्त एकच गुण ठेवला आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तो मराठीत पूर्ण वाक्यात लिहिला. याद्यांत प्रत्येक तुकडीला दिलेल्या किमतीचा हिशेब सोडून दोन्ही बाजूंना सारख्याच पाच-पाच तुकड्या दिल्या. मातीचे मावळे या खेळाच्या नेहमीच्या अठ्ठावीस मिलिमीटरच्या प्रतिकृतींपेक्षा बरेच मोठे असल्याने तुकडीत पाचच ठेवले, त्यामुळे एका वेळी पाचच फासे टाकावे लागतात आणि ते आईलाही चष्मा न शोधता मोजता येतात.

मोजपट्टीचा प्रश्न भाच्याने सोडवला. नियमांत साधी चाल सहा इंचांची आणि धाव किंवा चढाई बारा इंचांची आहे. कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ सहाच इंचांची असते. त्यामुळे आमच्याकडे ‘एक पट्टी चाल, दोन पट्ट्या धाव’ एवढेच सांगावे लागते. किल्ल्यावर अळीव उगवलेल्या भागाला आम्ही अवघड जमीन मानले आहे आणि तिथे एका पट्टीपेक्षा जास्त जाता येत नाही.

दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक तुकडी हलवतात, ही या नियमांतली घरच्या खेळाला सर्वांत उपकारक गोष्ट आहे. ज्या खेळांत एक भिडू आपले सगळे सैन्य हलवून लढवून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे असते, तिथे मुलांचे लक्ष टिकत नाही. इथे राज्य लगेच परत येते, आणि चार फेऱ्यांत डाव संपतो, म्हणून जेवणाची हाक यायच्या आत निकाल लागतो.

मी स्वतः कोणत्याही बाजूने खेळत नाही, पंच म्हणून बसतो, आणि नवख्यांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने असेच करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ही युक्ती जुनी आहे. प्रशियाच्या सैन्याने १८२४ साली राइसविट्झ यांचा क्रीगश्पील हा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला, पण त्यातले तक्ते आणि आकडेमोड खेळणाऱ्यांना जड जाऊ लागली. १८७६ साली प्रशियाचेच सेनाधिकारी व्हेर्डी दु व्हेर्नुआ यांनी तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याची पद्धत मांडली. पंच नियम सांभाळतो, तेव्हा ताईला एकही पान वाचावे लागत नाही. ‘हे घोडदळ त्या बुरुजामागून वळवता येईल का रे?’ एवढेच ती विचारते आणि मी पट्टी ठेवून उत्तर देतो.

मूळ नियमांत मैदानावर तीन ते पाच ठिकाणे मांडतात आणि शेवटी ज्याच्या ताब्यात जास्त ठिकाणे, तो जिंकतो. आम्हाला याहून अधिक रंगलेला डाव जुलै १६६० मधल्या घोडखिंडीचा होता. विटांच्या दोन रांगांमध्ये एक पट्टी रुंदीची खिंड केली, बाजीप्रभूंच्या बाजूला दोनच तुकड्या दिल्या आणि चार फेऱ्या खिंड राखली तर त्यांचा जय, असे ठरवले. फेरी संपली की भाचा विशाळगडाच्या बाजूला एक लवंगी वाजवतो. दोन तुकड्या पाच तुकड्यांपुढे टिकत नव्हत्या, म्हणून खिंडीतून एका वेळी एकाच तुकडीला चढाई करता येईल असा नियम जोडला, आणि त्यानंतरच्या तीन डावांपैकी दोन आईने राखले.

नियमांची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे मुलांना स्वतः वाचता यावेत म्हणून एक पान मराठीत लिहून काढणे भाग पडले. तोफेचा नियम त्या पानावर नव्हता, तो भाचीने परवा आपल्या हाताने खाली लिहिला: ‘तोफ हलली असेल तर त्या फेरीत डागायची नाही, आणि महाराजांच्या दिशेने कोणीही तोंड करायचे नाही.’