बिलावर फक्त ‘कमोड, पांढरा, १ नग’

आमचे न्हाणीघर इतके लहान आहे की आत उघडणारा दरवाजा आणि कमोडचे पुढचे टोक यांच्यात जेमतेम ५० मिलिमीटर जागा राहणार होती. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी मी भिंतीवरील टाइल्सपासून जमिनीतील पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले होते. ते ३०० मिलिमीटर भरले. (हे माप प्लास्टर व टाइल्स झाल्यावरच घ्यावे, कारण त्यांच्या जाडीने अंतर कमी होते.) दुकानदाराने त्याच मापाचे एस ट्रॅपचे, म्हणजे खाली जमिनीतील पाइपात निचरा होणारे, भांडे दाखवले, मी स्वतः टेप लावून खात्री केली आणि सगळी रक्कम आगाऊ दिली. बिलावर मात्र ‘कमोड, पांढरा, १ नग; बेसिन, १ नग’ एवढेच लिहिले होते आणि ते वाचूनही मी काही बोलले नाही.

माल आला तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळी पाहते तर दुकानदाराने पाठवलेल्या प्लंबरने भांडे पांढऱ्या सिमेंटमध्ये पक्के करून टाकले होते आणि त्याच्या मागे ८० मिलिमीटरची फट होती. दिसायला हुबेहूब तेच, पण भिंतीपासून २२० मिलिमीटर अंतरावरील पाइपासाठीचे भांडे पाठवले होते. ते तेवढेच पुढे आल्यामुळे दरवाजा त्याच्यावर आपटू लागला.

बेसिनमधली लबाडी उशिरा कळली. दुकानात विट्रियस चायना (काचेसारखी घट्ट भाजलेली चिनी माती) म्हणून दाखवलेल्या बेसिनऐवजी साध्या मातीचे बेसिन आले होते. काही महिन्यांत त्याच्या झिलईवर केसासारख्या भेगांचे जाळे पसरले. चांगले विट्रियस चायना वजनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. इथे मात्र खालच्या झिलई नसलेल्या कडेवर टाकलेला शाईचा थेंब पाहता पाहता आत मुरला.

दुकानदाराने बिलावर बोट ठेवून सांगितले की लिहिलेले दोन्ही नग पोहोचले आहेत आणि बसवलेला माल परत घेतला जात नाही. त्या कागदावर मॉडेल क्रमांक, ट्रॅपचा प्रकार आणि भिंतीपासूनचे अंतर लिहिलेले असते, तर त्याला हे म्हणता आले नसते. कृपया हे तपशील लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि खोके स्वतः उघडून माप जुळल्याखेरीज प्लंबरला सिमेंट कालवू देऊ नका.

भांडे न फोडता काढता येणार नव्हते, म्हणून शेवटी दरवाजाच बाहेर उघडणारा करून घ्यावा लागला.