नवरोजचे जेवण: पत्राणी मच्छी उत्तम, माहितीपत्रक सदोष

२१ मार्चच्या जमशेदी नवरोज या वसंतारंभीच्या नववर्षाच्या सणानिमित्त मुंबईच्या फोर्ट भागातील एका जुन्या पारशी उपाहारगृहाने ठेवलेले खास जेवण आम्ही यंदा घेतले. गल्ल्याशेजारी इराणी रिवाजाप्रमाणे फारसीतील ‘सीन’ (स) या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तूंचे मेज मांडले होते. त्यांत सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सिरका म्हणजे व्हिनेगर आणि गव्हाचे हिरवे कोंब सहज ओळखता आले. शेजारी दिवा तेवत होता. पारशी लोक अग्नीला देव मानतात असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः उपासना अहुर मज्दा या परमेश्वराची असते आणि अग्नी हे ‘अशा’चे, म्हणजे सत्य व सुव्यवस्थेचे प्रतीक असते. वेदांतील ‘ऋत’ हा याच शब्दाचा सख्खा भाऊ!

केळीच्या पानात वाफवलेली पत्राणी मच्छी ही या जेवणाची खरी शान होती, कारण ओले खोबरे, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीची चटणी पापलेटच्या चवीवर कुठेही कुरघोडी करत नव्हती. सल्ली बोटी, म्हणजे बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या घातलेल्या रश्श्यातील मटण मात्र चिवट निघाले. शेवटी आलेला रवो, म्हणजे दुधातली रव्याची खीर, बेताचा गोड होता.

एक तक्रार नोंदवणे भाग आहे. माहितीपत्रकावर या सणाला ‘पतेती’ म्हटले होते, तर पतेती हा पारशांच्या शहेनशाही पंचांगानुसार ऑगस्टमध्ये येणाऱ्या नववर्षाच्या आदल्या दिवशीचा, पश्चात्तापाचा दिवस आहे. पारशी उपाहारगृहाकडून ही चूक अपेक्षित नव्हती.