टाचदुखी: इंजेक्शन, शॉकवेव्ह, की अजून थोडा धीर?

सकाळी पलंगावरून उतरून फरशीवर पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. भिंत धरत मोरीपर्यंत जायचं, दहा-पंधरा पावलांनी दुखणं जरा सैल होतं, आणि दुपारी खुर्चीतून उठलं की पुन्हा तेच. मी असे दोन पावसाळे काढले. या काळात बायका एकमेकींना सल्ले देतात तसे मलाही भरपूर मिळाले. तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक, मऊ रबराची एमसीआर चप्पल घाल, इंजेक्शन घे, नाहीतर ते नवीन शॉकवेव्ह, म्हणजे यंत्रानं टाचेवर आघात-लहरींचे ठोके द्यायचा उपचार, करून घे.

आधी एक गैरसमज. एक्स-रे बघून 'हाड वाढलंय' म्हणतात, पण टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो हाडाचा काटा दिसतो. दुखतो तो बहुतेक वेळा तळव्याखालचा जाड पट्टा, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत ताणलेला. त्याचं नाव प्लांटर फॅशिया. त्यामुळे शॉकवेव्हनं वाढलेलं हाड फोडतात, हे खरं नाही. हा समज आला मुतखड्यावरून. १९८० साली म्युनिकमध्ये आघात-लहरींनी पहिल्यांदा माणसाचा मुतखडा फोडला, आणि हे तंत्र त्याच घराण्यातलं. टाचेवर मात्र काही फोडायचं नसतं. जुनाट झालेल्या दुखऱ्या जागेला डिवचून तिथली दुरुस्ती पुन्हा सुरू करून द्यायची, असा हिशोब. आणि शॉक म्हणजे करंट नव्हे. माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत यावर विश्वास ठेवला नाही.

प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही पालथं झोपायचं, पाय टेबलाबाहेर. फिजिओ अंगठ्यानं दाबत दाबत नेमकी जागा शोधते, आणि ती सापडल्याचं तुमच्या ओरडण्यावरून दोघींनाही कळतं. मग जेल लावून पिस्तुलासारखं यंत्र टेकवतात. आत हवेच्या दाबानं एक छोटा धातूचा तुकडा पुढे-मागे आपटत असतो: टक-टक-टक-टक. साधारण दोन हजार ठोके, सेकंदाला दहा म्हटले तरी साडेतीन मिनिटांच्या आत खेळ संपतो. पहिले पाचशे मी दात आवळून मोजले, पुढे जागा आपोआप बोथट झाली. आठवड्याला एक, अशा तीन बैठका हा नेहमीचा क्रम.

हे झालं रेडियल यंत्र. फिजिओच्या क्लिनिकमध्ये बहुधा तेच असतं, आणि त्याचा जोर कातडीपाशी सर्वात जास्त नि आत जाईल तसा कमी होतो. दुसरा प्रकार फोकस्ड, ज्यात लहर ठरलेल्या खोलीवर एकवटते. ते यंत्र महाग, म्हणून बैठकही महाग. जाहिरातीत दोन्हींचं नाव एकच, तेव्हा विचारून घ्यावं.

उपयोग होतो का? २००२-०३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतल्या चाचण्यांत खोट्या उपचारापेक्षा (यंत्र लावल्याचं नुसतं नाटक) काही जास्त फायदा दिसला नाही. पण जर्मनीतल्या चाचणीत टाच आधी बधिर केली होती, आणि बधिर केल्यास गुण कमी येतो हे नंतर लक्षात आलं. पुढच्या चाचण्या बऱ्या निघाल्या. २००८ च्या एका चाचणीत रेडियल उपचार घेतलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना चांगला फरक पडला, खोटं यंत्र लावलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना. २०१५ मध्ये फोकस्डसाठी हेच आकडे सुमारे ५४ आणि ३७ होते. माझं लक्ष त्या ४२ आणि ३७ वरच जास्त गेलं. नुसत्या काळानं आणि आशेनंही इतक्या लोकांना बरं वाटतं. तरी उरलेला फरक खरा आहे, आणि महिनोन्महिने दुखणं मुरलेल्या माणसाला तो लहान वाटत नाही.

आता इंजेक्शन. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही दिवसांत आराम देतं, ही त्याची जमेची बाजू, आणि शॉकवेव्ह इथे साफ हरते. पण हा आराम बहुधा काही आठवड्यांचा असतो. वारंवार टोचलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते, क्वचित तो पट्टाच तुटतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते. शॉकवेव्हनंतर फार तर लाली, सूज, दोन दिवस ठणका. मात्र गरोदरपणी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना, किंवा त्या जागी गाठ वा जंतुसंसर्ग असेल तर ती टाळतात. नुकतंच इंजेक्शन झालं असेल तर काही आठवडे थांबवतात, म्हणून दोन्ही एकदम उरकून टाकू हा विचार नको.

ऑपरेशनबद्दल एवढंच: सहा महिने ते वर्षभर बाकी सगळं मनापासून करून झाल्यावरच तो विषय काढावा. पट्टा अर्धवट कापला की पायाची कमान खचण्याची भीती असते.

आणि फुकटचा उपाय, जो मीही कंटाळून सोडला होता. टॉवेलची गुंडाळी बोटांखाली ठेवून जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं, टाच हळू वर, हळू खाली, एक दिवसाआड. अंथरुणातून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं मागे ओढून तळवा ताणायचा. घरात अनवाणी फिरायचं नाही, ओट्यापाशी उभं राहतानाही मऊ चप्पल हवीच. बहुतेकांची टाचदुखी एवढ्यावर वर्षभरात जाते. मला पहिल्याच भेटीत पाच बैठकांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घ्यायला लावलं, व्यायामाचं कुणी विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या ठिकाणच्या फिजिओनं आधी विचारलं, "पोटरीचे व्यायाम किती महिने केलेत?" मी खाली बघितलं.

तेव्हा माझा हिशोब असा. दुखणं दोन-तीन महिन्यांचं असेल तर व्यायाम आणि चप्पल. यंत्रावर पैसे घालू नका. सहा महिने व्यायाम करूनही भिंत धरावी लागत असेल तर शॉकवेव्ह, व्यायाम न सोडता. घरात लग्न दहा दिवसांवर आलंय आणि उभंच राहवत नाही, तर डॉक्टरांना विचारून एखादं इंजेक्शन समजू शकते.

वारीला जाणाऱ्यांनी मात्र उलट मोजावं. शॉकवेव्हचा खरा फरक कळायला शेवटच्या बैठकीनंतर बारा आठवडे तरी लागतात. पालख्या ज्येष्ठात निघतात, म्हणजे पहिली बैठक फाल्गुनात व्हायला हवी. ज्येष्ठ उजाडल्यावर जाग आली म्हणून इंजेक्शन घेऊन आळंदीहून निघालात, तर दुखणं दबलेलं आणि पट्टा तसाच कमकुवत, त्यावर रोजची पंधरा-वीस किलोमीटरची चाल. त्यापेक्षा त्या वर्षी पंढरपूरजवळच्या वाखरीला गाडीनं जाऊन शेवटचा टप्पा चालावा.